पाहुण्याचं पाणी

कापूरहोळला पुण्याची एस.टी. सोडून कुंडलिक भोरच्या गाडीत चढला, तेव्हा खिडकीजवळ बसलेल्या एका म्हाताऱ्याने आपली पिशवी मांडीवर घेऊन त्याला जागा करून दिली. एवढंच झालं. आणि कुंडलिक कमरेत वाकला. हात मांड्यांना चिकटलेले, पाठ सरळ, नजर खाली, असा पूर्ण वाकला आणि क्षणभर तसाच राहिला. म्हातारा दचकला. "काय पडलं?" असं म्हणून तोही सीटखाली बघू लागला. मागच्या बाईने पाय वर घेतले. कंडक्टर तिकिटाची पेटी सावरत आला आणि म्हणाला, "काय हारवलं, साहेब?" आता अर्धी गाडी वाकली होती. काही पडलेलं नाही, दोन वर्षं जपानात राहून आपल्या पाठीला ही सवय लागली आहे, हे इतक्या लोकांना कसं सांगायचं ते कुंडलिकला सुचेना. "बटण," तो म्हणाला. मग जरा वेळाने मागच्या बाईने खरोखरच एक बटण शोधून काढलं. काळं, कुणाच्या तरी कोटाचं. तिने ते त्याच्या हातावर ठेवलं, आणि तो पुन्हा वाकणार तोच त्याने स्वतःला वेळेवर आवरलं. गाडीला फार समाधान झालं होतं. म्हातारा म्हणाला, "सापडलं, बरं झालं. कोटाचं बटन जुळवायचं म्हंजी लई अवघड."

गाडी भोरच्या रस्त्याला लागली आणि कुंडलिक खिडकीबाहेर बघत स्वतःशीच हसत राहिला. मुंबईला बोटीतून उतरून त्याला आठवडा झाला होता. पुण्यात मित्राच्या खोलीवर सामान टाकलं होतं, शेतकी खात्याच्या कचेरीत जाऊन आला होता, जुन्या खानावळीत जेवला होता. पण त्याला वाटत होतं, आपण अजून पूर्ण पोचलेलो नाही. सामान पोचलं, आवाज पोचला, अंगातलं काहीतरी मात्र अजून कुठल्यातरी बंदरावर उभं आहे. कोलंबोला बोट थांबली होती तिथे असेल, किंवा सिंगापूरला. रस्ता ओलांडताना तो भलत्या बाजूला बघायचा असंही नाही, कारण तिकडेही गाड्या डावीकडूनच चालत. पण दुकानदाराने सुटे पैसे हातावर आपटले की त्याला एकदम एकटं वाटायचं. आणि खिशात दोन गोष्टी होत्या, म्हणजे डोक्यात होत्या, पण त्या खिशात असल्यासारख्या टोचत होत्या. एक म्हणजे तिथल्या शेतकी शाळेच्या प्राध्यापकांनी निघताना म्हटलं होतं, परत ये, भाताच्या प्रयोगांसाठी मदतनीस म्हणून तीन वर्षं तरी राहा, पुढचं पुढे बघू. दुसरी म्हणजे खात्याने त्याला नेमणूक दिली होती ती वेल्ह्याला. पुण्याच्या कचेरीतला कारकून ते सांगताना हळहळला होता. "जपानहून आला, आणि वेल्हे? पावसाळ्यात माणूस दिसत नाही हो तिथे." या महिन्याच्या अखेरीला काय ते ठरवायचं होतं. आणि आई-आबांना सांगायचं होतं. काय सांगायचं ते त्याने जवळजवळ ठरवलं होतं. तो परत जाणार होता.

का जाणार, हे मात्र सांगायला सोपं नव्हतं. पगार, प्रयोगशाळा, हे सगळं खरं होतं, पण ते कारण नव्हतं. कारण होतं पहिल्या दिवसाचा भाषेचा तास. थंडगार वर्ग, मध्ये रॉकेलची शेगडी, आणि मोरी नावाच्या बारीक आवाजाच्या बाई. वर्गात एक सिंहली, एक ब्रह्मदेशातला, दोन फिलिपिनो आणि हा. बाईंनी फळ्यावर लिहिलं, आणि प्रत्येकाने उठून म्हणायचं: माझं नाव अमुक. मी अमुक देशातून आलो. माझं गाव अमुक. कुंडलिक उठला, म्हणाला, माझं नाव कुंडलिक, मी भारतातून आलो, माझं गाव उत्रोली. आणि उभाच राहिला. बाईंनी खुणेने सांगितलं, बस. तरी तो उभा. कारण पुढचा प्रश्न यायचा होता. भोरच्या शाळेत, पुण्याच्या वसतिगृहात, खोली शोधताना, अगदी क्रिकेट खेळताना सुद्धा गावानंतर पुढचा प्रश्न येत असे. आडनाव काय? आणि उत्तर दिलं की एक लहानशी शांतता येत असे, फार लहान, नवख्याला कळणारही नाही अशी. छप्पन साली त्याच्या वस्तीने बौद्ध धम्म घेतला तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता, आणि तेव्हा त्याला वाटलं होतं की आता ही शांतता संपली. ती संपली नव्हती. जपानात तो महिनाभर त्या प्रश्नाची वाट बघत होता. मग एके दिवशी शेजारच्या बाकावरच्या मुलाने गंभीर चेहऱ्याने विचारलं, "तुला एक विचारू?" कुंडलिकने वही मिटली. "तू कच्चा मासा खातोस का?"

त्यानंतर दोन वर्षं कशी गेली ते त्याला कळलं नाही. तास त्याला आवडत. त्या भाषेत मोजायची तऱ्हा वस्तूवस्तूला वेगळी होती. चपट्या वस्तूंना एक, लांबट वस्तूंना दुसरी, जनावरांना तिसरी. ब्रह्मदेशातला मुलगा वैतागून वही आपटायचा, पण कुंडलिकला ते घरच्यासारखं वाटलं. त्याने बाईंना मोडक्यातोडक्या जपानीत सांगितलं की माझी आईसुद्धा भात असं मोजते. रोप असेल तर मूठ, कापलं की पेंढी, बांधलं की भारा, आणि मळलं की पायली. बाईंनी ते चारही शब्द फळ्यावर आपल्या लिपीत लिहिले आणि सगळ्या वर्गाकडून म्हणवून घेतले. "मू-थो," "पे-न-दी." आईच्या, ठकुबाईच्या, तोंडचे शब्द त्या शेगडीच्या उबेत असे गोल होऊन फिरत राहिले आणि त्याला हसू आवरेना. पहिलं बर्फ पडलं तेव्हा त्याने ते चाखून पाहिलं. चव काहीच नव्हती, आणि त्याचंच त्याला नवल वाटलं. सहलीला नाराला गेले तेव्हा तिथल्या प्रचंड बुद्धमूर्तीपुढे बाई त्याला म्हणाल्या, तू बुद्धाच्या देशातला, तूच सांग सगळ्यांना. वर्गातली मुलं त्याच्याकडे असं बघू लागली की जणू मूर्ती त्याच्याच घरातून आणलेली. धम्म घेऊन नऊच वर्षं झाली आहेत, हे कुठल्या तोंडाने सांगणार? त्याने डोळे मिटून आबांनी पाठ करून घेतलेलं त्रिशरण म्हटलं. डोळे उघडले तर एक म्हातारा भिक्खू थबकून ऐकत होता. तो तेच शब्द आपल्या उच्चारांत पुटपुटला आणि वाकला. कुंडलिकही वाकला. कोण आधी सरळ होणार, यात बराच वेळ गेला.

उत्रोलीला तो उतरला तेव्हा ठकुबाई रस्त्यावरच उभी होती. तिने त्याला आपादमस्तक पाहिलं आणि म्हणाली, "वाळला न्हाईस. म्हंजी जेवाय घालत व्हते." आबा, म्हणजे सोनबा, मागे उभे होते, त्यांनी मुलाची पेटी उचलून डोक्यावर घेतली, आणि कुंडलिक नको नको म्हणत असताना ते चालायलाही लागले. घरी दुपारभर वस्तीतली माणसं येत राहिली. विमान की बोट, तिथे भाकरी मिळते का, बायका दिसायला कशा, सगळं विचारून झालं. त्याने लावणीच्या दोऱ्या आणि तिथल्या पिकाच्या गोष्टी सांगितल्या. जे सांगायचं होतं ते राहिलंच. संध्याकाळी आईने चुलीवरचं हंड्यातलं ऊन पाणी बादलीत काढलं आणि हाक दिली, "आंगूळ करून घे. प्रवासाचा शीण जाईल." बादलीतून वाफ निघत होती. कुंडलिक उंबऱ्यात बसला आणि न ठरवता बोलायला लागला.

जपानातल्या शाळेने त्याला भाताच्या हंगामात एका शेतकऱ्याच्या घरी राहायला पाठवलं होतं. डोंगराखालचं गाव, पायऱ्या पायऱ्यांची खाचरं, पार वेल्ह्याच्या अंगाची वाटावीत अशी. घरात म्हातारा, म्हातारी, मुलगा, सून. पहिल्या दिवशी चिखलातून आल्यावर म्हातारीने त्याला न्हाणीत नेलं. तिथे लाकडाचं मोठं पिंप होतं, माणूस बुडेल एवढं, खाली जाळ. म्हातारीने खुणांनी सांगितलं, बाहेर बसून अंग घासून घे, धू, आणि मग आत बस. तो बसला. गळ्यापर्यंत ऊन पाणी. असं सुख त्याने जन्मात घेतलं नव्हतं. हाडांतला चिखलसुद्धा निघून जात होता. बराच वेळ बसून तो बाहेर आला, अंग पुसलं, आणि मग जे करायचं ते त्याने कुणी न सांगता केलं. पिंपाचं बूच काढलं. सगळं पाणी फळ्यांखालून ओढ्याकडे गेलं. वर पिंप आतून घासून स्वच्छ केलं. आपण नीट वागलो, आपल्यामुळे कुणाची अडचण झाली नाही, असं त्याला वाटलं. तो दाराबाहेर पडला, तर बाहेर म्हातारा खांद्यावर टॉवेल टाकून उभा. म्हातारा आत गेला आणि तसाच बाहेर आला. त्याने काहीतरी म्हटलं, आणि घर हसायला लागलं. पाहुण्याने आधी बसायचं, मग त्याच पाण्यात म्हातारा, मग मुलगा, मग म्हातारी, शेवटी सून. अशी तिथली रीत. पाहुण्याचं पाणी सगळ्यांनी घ्यायचं.

ठकुबाई काटवटीत पीठ घेऊन बसली होती. तिचे हात थांबले. "सोडून दिलंस?" ती म्हणाली.

"दिलं."

ती हसली नाही. 'का' असंही तिने विचारलं नाही. चुलीतला जाळ तिच्या तोंडावर हलत राहिला. "मग?"

"मग पुन्हा भरायला लागलं. विहीर परसात होती. सून बादली घेऊन निघाली, तर मी तिच्या हातातून घेतली. मीच भरलं सगळं." त्या वेळी काय झालं होतं ते त्याला पुन्हा तळव्यात जाणवलं. ओला दोर, रहाटाचा आवाज, आणि आजूबाजूला उभी राहून हसणारी माणसं. तो काढत गेला, ओतत गेला. कुणी बघितलं नाही, म्हणजे सगळे बघत होते, पण विहिरीला कोण शिवतंय म्हणून नाही. पिंप भरून पाणी बाहेर वाहायला लागलं तरी तो ओततच होता. शेवटी म्हातारीने त्याचा हात धरला.

"तुझ्या काढल्या पान्यानं नाहाली?" आबांनी दारातून विचारलं. ते कधी येऊन उभे राहिले ते कळलं नव्हतं.

"मला पुन्हा आधी बसवलं, आबा. आणि मग त्यात सगळी नाहाली."

"म्हातारा बी?"

"म्हातारा बी."

आबा म्हशीला बघून येतो म्हणून बाहेर गेले. म्हशीला त्यांनी नुकतंच बघितलं होतं. आणि मग ठकुबाई हसायला लागली. आधी खांदे हलले, मग तिने पिठाच्या हातानेच तोंड दाबलं, मग भिंतीला टेकली. "समदं सोडून दिलं," ती म्हणत होती, "वर पिंप घासून ठिवलं." तिच्या गालावर पीठ आणि पाणी एक झालं होतं. कुंडलिकही हसत होता, पण मनात त्याला एक गोष्ट लख्ख दिसली होती आणि तिचा तो माग घेत होता. तिकडे सगळे हसले होते, पण ते परदेशी माणसाच्या वेंधळेपणाला हसले होते. तू पाणी का सोडलंस, असं मोरीबाईंनी नंतर वर्गात विचारलं तेव्हा त्याने आपल्या जपानीत शब्द शोधले होते, मराठीतही शोधले होते, आणि शेवटी 'आमच्याकडे तशी पद्धत आहे' असं म्हणून खाली बसला होता. ते त्याच्या पाण्यात नाहाले, पण ते पाणी त्याने का सोडलं हे त्यांना कधीच कळणार नव्हतं. इथे आईला ते कळायला एक श्वाससुद्धा लागला नव्हता. बादलीतलं पाणी तोवर कोमट झालं होतं.

दुसऱ्या दिवशी आनंदरावांच्या खाचरात लावणी होती. आनंदराव गावातले मोठे शेतकरी, मराठ्यांच्या आळीतले. ठकुबाई दर हंगामाला त्यांच्याकडे लावणीला जायची. लहानपणी 'ए कुंडल्या' म्हणणारे आनंदराव आज बांधावरून म्हणाले, "या साहेब. एक खाचर तुमच्या हवाली. दावा तुमची तिकडची लावणी." त्याने दोरी ताणली, गाठी बांधल्या, आणि पँट गुडघ्यावर घेऊन चिखलात उतरला. गाठीला रोप, रेषेत, उथळ. बायका कुरकुरल्या. "ही काय भांगात कुंकू भरल्यावानी लावणी," सखूबाई म्हणाली. ती ठकुबाईच्या शेजारची, आणि तिच्या बोलण्याला खाचर नेहमी हसायचं. आनंदरावांच्या पत्नी चंद्राबाईही पदर खोचून ओळीत होत्या. भुरभुर पाऊस इरल्यांवर वाजत होता. कुंडलिकला बरं वाटत होतं. चिखल तोच होता, कुठल्याही देशात पायाला तसाच लागणारा. आणि मग ओळीच्या त्या टोकाकडून त्याला आईचा आवाज ऐकू आला. "आमचा कुंडलिक तिकडं नाहाला, त्याची गंमत सांगते."

त्याचे कान तापले. त्याने मान वर केली नाही. आये, गप, असं त्याला म्हणायचं होतं, पण तोवर ती पिंपापर्यंत पोचली होती. ती छान सांगत होती, त्याच्यापेक्षा छान. म्हाताऱ्याच्या खांद्यावरचा टॉवेल तिने पाहिल्यासारखा उभा केला. "अन् यानं काय केलं," ती म्हणाली, "समदं पानी सोडून दिलं." खाचरात एकदम कुणाचा हात हलेना. वस्तीतल्या बायका खाली बघत होत्या. चंद्राबाईंच्या हातात रोपांची मूठ तशीच राहिली होती. त्यांनाही कळलं होतं. कळायला काही राहिलंच नव्हतं. ती भोरच्या शाळेतली लहानशी शांतता आता अख्ख्या खाचरावर पसरली होती, आणि कुंडलिकला वाटलं, आता ही कुणी मोडली नाही तर आपण कायमचे निघून जाऊ.

"मग परत पानी कुनी तापीवलं?" चंद्राबाईंनी विचारलं.

उत्तर द्यायला ठकुबाई अडली, तेव्हा कुंडलिक म्हणाला, "त्यांच्या सुनेनं."

"अन् तिची पाळी कवा?"

"सगळ्यांत शेवटी."

"मंजी तिला गार पानी."

"गारच म्हणायचं," तो म्हणाला. "तरी ती पुन्हा जाळ घालायची, पण लाकडं संपलेली असायची."

चंद्राबाईंनी मूठ सोडवून रोप रेषेत टोचलं. "आमच्या सासूबाई व्हत्या तवर आमचंबी तेच," त्या म्हणाल्या. "समद्यांचं झालं का मग हंड्याच्या बुडाशी तांब्याभर पानी राहायचं."

"राहायचं तरी," सखूबाई म्हणाली. "माझी सासू तेबी म्हशीला घालायची." आणि मग जो हशा उसळला तो बांधावरच्या आनंदरावांपर्यंत गेला. पुढचा सगळा वेळ बायका त्या जपानी सुनेबद्दलच बोलत होत्या. तिला माहेरी पाठवतात का, नवरा काही बोलतो का, तिला पोर किती. तिचं नाव फुमि, असं त्याने सांगितल्यावर त्या नावाचंही बरंच काही झालं. रेषा सरळ जात होती आणि तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

मग चहा आला. बांधावर किटली आणि थोडे कप. कप पुरत नव्हते म्हणून बायका पाळीपाळीने घेत होत्या. चंद्राबाईंनी सगळ्यांना ओतला आणि "म्या सुनंसारखी शेवटी" असं म्हणत ठकुबाईने पिऊन खाली ठेवलेला कप उचलला. कुंडलिकने त्याच क्षणी मान वळवून डोंगराकडे बघितलं. पुढे काय झालं ते त्याला बघायचं नव्हतं. बघितलं तर त्याला ते आयुष्यभर माहीत राहणार होतं.

घरी आल्यावर भाकरी थापता थापता ठकुबाई म्हणाली, "चंद्राबाईनं कप हिसळला न्हाई, बरं का."

"मी नाही बघितलं."

"म्या बघितलं," ती म्हणाली आणि भाकरी तव्यावर टाकली. जेवताना त्याने आई-आबांना दोन्ही गोष्टी सांगितल्या, जपानची आणि वेल्ह्याची. आबा म्हणाले, जा की तिकडं, मान हाय तिकडं. आईने फक्त वेल्ह्याला कोणती एस.टी. जाते ते विचारलं. कुंडलिक हसला. ठरलं होतं ते कधी मोडलं ते त्याला सांगता आलं नसतं. खाचरात की उंबऱ्यात. एवढंच कळत होतं की तिकडे त्याला कुणी काही विचारत नव्हतं, आणि इथे काही विचारावं लागत नव्हतं, आणि हे दुसरं अवघड असूनही त्यालाच आपलं म्हणता येत होतं. प्राध्यापकांना त्याने नम्रपणे नकार कळवला, आणि महिनाअखेरीला वेल्ह्याला जाऊन हजर झाला.

त्याचा पहिला वर्ग राजगडाच्या पायथ्याला, पाल गावात ठरला. शाळेच्या पडवीत शेतकरी जमले होते. भिंतीला टेकून बायकाही होत्या. वर गड ढगात होता. कुंडलिकने दोरी, गाठी, रोपं पुढ्यात मांडली. लोक नव्या साहेबाकडे बघत होते आणि तो त्यांच्याकडे, आणि त्याला एकदम रॉकेलची शेगडी आठवली. तो उभा राहिला. "माझं नाव कुंडलिक," तो म्हणाला. "आमचं गाव उत्रोली. वडील सोनबा, शेती करतात." आणि थांबला. सवयीने थांबला. मागच्या भिंतीपासून एक पोक्त बाई, गीताबाई, जरा पुढे सरकली.

"एक इचारू का, साहेब?"

"विचारा की."

"ते पानी सोडून देनारं तुमीच का?"

गीताबाईची भाची उत्रोलीत दिली होती. गोष्ट तिच्याबरोबर डोंगर चढून इकडे उतरली होती, आणि उतरताना वाढलीही होती. "राणीची न्हाणी व्हती म्हनं," गीताबाई म्हणाली. "चांदीचं पिंप."

"राणी नव्हती," तो म्हणाला. "शेतकऱ्याची म्हातारी होती. तुमच्याएवढीच खाचरं तिची. पिंप लाकडाचं."

"मग नीट सांगा की. आमाला समदं ऐकीव."

पुढ्यातल्या रोपांना उन्हाची भीती नव्हती, आभाळ भरलेलं होतं. कुंडलिकने हातातली दोरी खाली ठेवली आणि पडवीच्या कडेला लोकांत जाऊन बसला. त्याने पायऱ्यांची खाचरं सांगितली, म्हातारी सांगितली, जाळ सांगितला, गळ्यापर्यंतचं ऊन पाणी सांगितलं. मग बूच काढलं तिथे आला तेव्हा त्याने एकदा सगळ्या चेहऱ्यांवरून नजर फिरवली. का काढलं, ते सांगायला तो थांबला नाही.